पॅकेज बांधताना मूळ लेखकाचं -ओ३ ठेवायचं की काढायचं?

मेकफाईलवाला

मंडळी, थोडा काथ्याकूट हवा आहे. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या मराठी पुस्तकांचं स्कॅनिंग चालू आहे. ओळी सरळ करणं, कागदाचा पिवळेपणा घालवणं, मागच्या पानाची उमटलेली शाई पुसणं या कामांसाठी एक छोटा सी प्रोग्रॅम वापरतो आणि मग पान टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) देतो. सगळीकडे डेबियन लिनक्स आहे, म्हणून या प्रोग्रॅमचं रीतसर पॅकेज करून आमच्या आतल्या रेपोत (पॅकेजांच्या साठ्यात) ठेवायचं ठरवलं.

मेकफाईल (प्रोग्रॅम कसा बांधायचा ते सांगणारी फाईल) उघडली तर कंपायलरला द्यायच्या फ्लॅगांची पहिलीच ओळ अशी:

सीफ्लॅग्ज = -ओ३ -एमआर्च=नेटिव्ह -एफफास्ट-मॅथ -आय इन्क्लूड

(इथला संपादक कोडची वाट लावतो म्हणून देवनागरीत लिहितोय, चालवून घ्या. -ओ पुढचा आकडा म्हणजे ऑप्टिमायझेशनची पातळी, वेगासाठी कंपायलरने किती खटपट करायची ती.)

डेबियनचं डीपीकेजी-बिल्डफ्लॅग्ज हे हत्यार मात्र -जी -ओ२ आणि वर सुरक्षेचे चार फ्लॅग देतं. मूळ लेखकाला मेल टाकली, तर उत्तर आलं की -ओ२ ने प्रोग्रॅम रेंगाळतो, फ्लॅग बदललेत तर बग माझ्याकडे आणू नका. प्रोग्रॅम त्याचा, पॅकेज माझं. ऐकायचं कोणाचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सेगफॉल्ट_सातारकर

आधी -एमआर्च=नेटिव्ह काढा. बाकीच्यावर भांडायला आपण आहोतच.

निशिगंधा_प

सातारकरांना +१.

नेटिव्ह म्हणजे ज्या मशीनवर कंपाईल चाललंय तिथला प्रोसेसर. तुमचं बिल्ड नव्या सर्व्हरवर होणार, जीसीसी (आपला सी कंपायलर) तिथलं एव्हीएक्स२ (एका झटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना) बघून खूश होणार, आणि पॅकेज जाणार लॅबमधल्या जुन्या डब्यावर. तिथे 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढं छापून प्रोग्रॅम मरतो. त्यातही लगेच मेला तर बरं. ती सूचना ज्या फंक्शनमध्ये आहे तिथे पोचेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. म्हणजे तुम्ही नुसतं आवृत्ती विचारून चाचणी पास करणार, आणि ग्रंथपालबाईंनी खरं पान टाकलं की ढेर.

'आमची मशीन तशी नवीच आहेत' यावरही जाऊ नका. एव्हीएक्स२ इंटेलच्या हॅसवेलपासून, म्हणजे २०१३ पासून आहे. पण पेंटियम आणि सेलेरॉन नावाने विकलेल्या चिपांत पुढे कितीतरी वर्षं ते नव्हतं. कॉलेजच्या निविदेत काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. खरेदीचं साल सोडा, प्रॉक-सीपीयूइन्फो उघडून बघा.

२०२० मध्ये एक्स८६-६४ च्या, म्हणजे इंटेल-एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरांत कोणत्या सूचना धरून चालायच्या त्याच्या, व्ही१ ते व्ही४ अशा पायऱ्या ठरल्या. डेबियन अजून पहिल्या पायरीवर उभं आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सने ९ मध्ये व्ही२ आणि १० मध्ये व्ही३ धरलं. ते ग्राहकाला 'नवं हार्डवेअर घ्या' म्हणू शकतात. तुम्ही प्राचार्यांना म्हणून बघा.

जुना_खांब

निविदेचं वाचून डोळे पाणावले.

गेंटूचा_गडी

पहिल्या पायरीवर उभं म्हणजे २००३ सालच्या ऑप्टेरॉनला जे येतं तेवढंच वापरायचं. इतकी ट्रान्झिस्टरं विकत घेतलीत ती काय शोभेला? मी गेंटूवर (सगळं स्वतःच कंपाईल करायचं असलेलं लिनक्स) वर्षानुवर्षं -ओ२ -पाईप -एमआर्च=नेटिव्ह वर अख्खी यंत्रणा बांधतोय, काही फुटत नाही. प्रत्येक लॅबच्या मशीनवर तिथल्या तिथे कंपाईल करा, प्रश्नच मिटला.

सेगफॉल्ट_सातारकर

गडी, एक राहिलं ना, -फनरोल-लूप्स (लूप उलगडणारा फ्लॅग)? ते लावून फिरणारे गेंटूवाले म्हणजे बुलेटचा सायलेन्सर काढून कॅम्पात फिरणारी पोरं. वेग तेवढाच, आवाज दुप्पट. (ह.घ्या.)

गेंटूचा_गडी

हलकेच घेतलं. पण तो काळ गेला, साहेब. आता गेंटूचीच कागदपत्रं -ओ२ सुचवतात, आणि -ओ३ किंवा -ओफास्ट (-ओ३ वर फास्ट-मॅथ) अख्ख्या यंत्रणेला लावू नका म्हणतात. ज्या पॅकेजला आक्रमक फ्लॅग झेपत नाहीत त्याच्या ईबिल्डमध्ये (पॅकेज बांधायच्या कृतीत) फिल्टर-फ्लॅग्ज किंवा स्ट्रिप-फ्लॅग्ज घालून ते गाळले जातात. म्हणजे वापरणाऱ्याने काहीही मागितलं तरी शेवटचा शब्द पॅकेज करणाऱ्याचा. मेकफाईलवाल्यांच्या प्रश्नाचं हेही एक उत्तरच झालं.

शून्यभागाकार

सगळे एमआर्चच्या मागे लागलेत, खरा साप -एफफास्ट-मॅथ आहे.

या फ्लॅगने तुम्ही कंपायलरला वचन देता की आकडेमोडीत एनएएन ('हा आकडाच नाही' असं उत्तर) आणि अनंत कधी येणारच नाहीत. मग कोडमध्ये 'हा एनएएन आहे का' अशी तपासणी असली तर तो ती सरळ उडवू शकतो. बेरजेचा क्रमही हवा तसा बदलू शकतो. कहान पद्धतीने चूक भरून काढणारी बेरीज लिहिली असेल तर बीजगणिताच्या हिशोबाने ती भरपाई शून्य ठरते, म्हणून तीही उडते. लेखकाने घाम गाळून लिहिलेली अचूकता त्याच्याच फ्लॅगने गेली.

आणि हे त्या एका प्रोग्रॅमपुरतं राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. जीसीसी फास्ट-मॅथने जोडणी करताना एक छोटी आरंभ-फाईल आत घालायचं. ती लोड झाली की प्रोसेसरचं नियंत्रण रजिस्टर बदलते आणि अतिसूक्ष्म आकडे थेट शून्य धरले जातात. लायब्ररी सामायिक असेल तर तिला नुसतं लोड करणाऱ्या प्रोग्रॅमचं गणितही बदलतं. २०२२ मध्ये याचा मोठा बोभाटा झाला. पायथनच्या जीइव्हेंटची तयार बांधलेली पॅकेजं -ओफास्टने बांधलेली निघाली. आता जीइव्हेंट हे नेटवर्कचं काम करणारं, त्याचा दशांशाशी संबंध काय? पण ते इम्पोर्ट केलं की शेजारच्या गणिती कोडची उत्तरं बदलायची. जीसीसी १३ पासून सामायिक लायब्ररी बांधताना ती फाईल आपोआप घालणं बंद झालं. जुन्या कंपायलरवर असाल तर सांभाळून.

मेकफाईलवाले, त्या कोडमध्ये 'इजनॅन' (एनएएन तपासणारं फंक्शन) शोधा आणि काय सापडतं ते इथे टाका.

मेकफाईलवाला

शोधलं. सापडलं!

ओळीचा कल काढणाऱ्या फंक्शनमध्ये आहे. पानावर शाई किती पसरली आहे त्याने भागतात. पान पूर्ण कोरं असेल तर शून्य भागिले शून्य. लेखकाने पुढच्याच ओळीत एनएएन तपासून 'तसं असेल तर पान जसंच्या तसं परत दे' लिहिलंय. आता उलगडा झाला. पुस्तकातली कोरी पानं प्रक्रियेनंतर काळीकुट्ट यायची. आम्ही इतके दिवस स्कॅनरवाल्याला बोल लावत होतो.

शून्यभागाकार

बरोबर. एसएसईमध्ये (प्रोसेसरच्या दशांश आकडेमोडीच्या सूचनांत) एनएएनचं पूर्णांकात रूपांतर केलं की एक ठरावीक आकडा येतो, त्याचा शेवटचा बाइट शून्य. राखाडी छटेत शून्य म्हणजे काळा. स्कॅनरवाल्याला चहा पाजा.

जुना_खांब

म्हणूनच म्हणतो, -ओ० (ऑप्टिमायझेशन बंद) लावा आणि निवांत झोपा. आमच्या काळी सनच्या मशीनवर ऑप्टिमायझर लावला की प्रोग्रॅम वेगळंच काहीतरी करायचा. जे लिहिलं तेच चालावं, एवढी साधी अपेक्षा.

निशिगंधा_प

काका, -ओ० मध्ये झोप लागणार नाही. डेबियन जे फॉर्टिफाय-सोर्स लावतं, म्हणजे बफरच्या मर्यादा तपासणं, ते ऑप्टिमायझेशन चालू असेल तरच काम करतं. -ओ० ला जीलिबसी (सीची मूळ लायब्ररी) इशारा देऊन गप्प बसतं. सुरक्षेसाठी म्हणून ऑप्टिमायझेशन काढलंत आणि सुरक्षाच गेली.

'लिहिलं तेच चालावं' हे मात्र पटतं. उपाय -ओ० नाही, नेमका फ्लॅग आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस -एफनो-स्ट्रिक्ट-अलायसिंग आणि -एफरॅपव्ही लावूनच बांधतात, कारण कोड ते गृहीत धरून लिहिलाय. लिनक्स कर्नलने २००९ मध्ये धडा घेतला. टन (टीयूएन, आभासी नेटवर्कच्या) ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल (रिकामा) आहे का हे नंतर तपासलं होतं. जीसीसी म्हणालं, वापरला म्हणजे नल नसणारच, आणि तपासणी उडवली. त्यातून सुरक्षेचं भोक पडलं. तेव्हापासून कर्नल -एफनो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स लावतं. असे फ्लॅग मूळ लेखकाने दिले असतील तर पॅकेज करणाऱ्याने त्यांना हातही लावू नये. वेगाचे फ्लॅग वेगळे आणि अर्थाचे फ्लॅग वेगळे.

पॅचपुराण

शेवटचं वाक्य वाखुसा (वाचनखूण साठवली).

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते, कारण इथे बरेच जण आपटतात. डेबहेल्पर (पॅकेज बांधायचं हत्यार) डेबियनचे फ्लॅग पर्यावरणातून, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने देतो. तुमच्या मेकफाईलमध्ये साधं = आहे. मेकच्या (मेकफाईल चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नियमात फाईलमधलं = पर्यावरणावर मात करतं. परिणाम असा की पॅकेज बिनबोभाट बांधलं जातं, त्यात डेबियनचा एकही सीफ्लॅग नसतो आणि कोणी ओरडत नाही. नोऑप्ट (ऑप्टिमायझेशन नको) मागितलं तरी -ओ३ च येणार.

मग माणूस म्हणतो, मेकच्या ओळीवरच सीफ्लॅग्ज देतो. ते फाईलवर मात करतं, पण आता -आय इन्क्लूड सुद्धा गेलं आणि हेडर सापडेना. फाईलमध्ये += लिहिलेलं असलं तरी ओळीवर दिलेलं मूल्य त्याला जुमानत नाही.

तेव्हा सरळ पॅच करा. वेगाचे फ्लॅग ?= ने द्या, म्हणजे बाहेरून काही आलं नाही तरच ते लागतील. -आय इन्क्लूड वेगळ्या व्हेरिएबलमध्ये काढा आणि कंपाईलच्या नियमात दोन्ही घाला. असा पॅच मूळ लेखक सहसा नाकारत नाही, कारण त्याच्या घरी त्याचं -ओ३ तसंच राहतं. बिल्डची नोंद ब्ल्हक नावाच्या हत्यारातून काढा, ते कोणत्या फाईलला सुरक्षेचा कोणता फ्लॅग लागला नाही ते सांगतं. (नावाचा उच्चार कोणाला येत असेल तर कळवा.)

कोकणी_कर्नल

पॅचपुराण यांच्यात थोडी भर. सीमेक (मेकफाईल तयार करून देणारं हत्यार) वापरणाऱ्यांचा घोटाळा याहून गुपचूप होतो. रिलीज प्रकार निवडला की सीमेक तुमच्या फ्लॅगनंतर -ओ३ -डीएनडीबग चिकटवतं. ऑप्टिमायझेशनचे दोन फ्लॅग आले तर शेवटचा लागू होतो, म्हणजे तुमचं -ओ२ गेलं. वर एनडीबगने सगळे असर्ट (कोडमधल्या खात्रीच्या तपासण्या) गायब. म्हणून डेबियनमध्ये बिल्ड प्रकार 'नन' देतात. मेसॉन या तशाच हत्यारात त्याचसाठी 'प्लेन' आहे.

बीएसडीकडेही (युनिक्सची दुसरी शाखा) हाच नियम. फ्रीबीएसडीच्या पोर्ट (पॅकेजची कृती) लिहिणाऱ्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय की पोर्टने सीफ्लॅग्जचा मान राखावा. नेटबीएसडीच्या पीकेजीएसआरसी या पॅकेज-संग्रहाची युक्ती मला जास्त आवडते. तिथे कंपायलरपुढे एक आवरण असतं. 'बिल्डलिंक-ट्रान्सफॉर्म' मध्ये '-ओ३ दिसलं की -ओ२ कर' एवढं लिहायचं. मेकफाईलमध्ये लेखकाने कुठेही काहीही लपवलेलं असो, कंपायलरपर्यंत पोचता पोचता ते बदललेलं असतं. पॅच करायला नको, पुढच्या आवृत्तीत तो बसत नाही म्हणून रडायला नको.

पॅचपुराण

आवरण सोयीचं आहे, पण मला पटत नाही. बदल मूळ लेखकापर्यंत जातच नाही. प्रत्येक वितरण आपापल्या घरी तेच झाकत बसतं.

कोकणी_कर्नल

ज्या लेखकाने 'बग आणू नका' म्हटलंय त्याच्यापर्यंत पोचवून काय करणार? :)

गेंटूचा_गडी

सगळं ठीक, पण -ओ३ वाईट का हे अजून कोणीच सांगितलं नाही. एमआर्च आणि फास्ट-मॅथ काढले. -ओ३ ने उत्तर चुकत नाही, जुन्या मशीनवर फुटत नाही. मग लेखक मागतोय तर द्या ना!

निशिगंधा_प

वाईट नाहीच. उबंटूने पॉवरपीसीच्या ६४-बिट लिटल-एंडियनला -ओ३ च मूळ फ्लॅग ठेवला होता. मुद्दा फरक पडतो का एवढाच आहे. पूर्वी जीसीसीत आपोआप व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक आकडे हाताळणं) -ओ३ लाच मिळायचं, म्हणून चित्रांच्या आणि आवाजाच्या कोडला तो हवा असायचा. २०२२ मध्ये जीसीसी १२ पासून -ओ२ मध्येही ते आलं, जरा कंजूष हिशोबाने. लेखकाचं ज्ञान त्याआधीचं असू शकेल.

उलट बाजूने -ओ३ फंक्शनं जास्त फुगवतं. फुगलेला कोड सूचनांच्या कॅशेत (प्रोसेसरमधल्या छोट्या वेगवान मेमरीत) मावला नाही की हळूच होतो. कर्नलला -ओ३ चा पर्याय खुला करावा असा प्रस्ताव २०२२ मध्ये आला, त्याला कर्नलचे जनक टोरवाल्ड्स यांनी विरोध केला होता.

शून्यभागाकार

मोजल्याशिवाय यात बोलूच नये, आणि मोजणंही सोपं नाही. कर्टसिंगर आणि बर्गर यांनी २०१३ मध्ये प्रोग्रॅमची मेमरीतली मांडणी पुनःपुन्हा यादृच्छिक बदलत एलएलव्हीएम या कंपायलरवर मोजलं. -ओ२ आणि -ओ३ मधला फरक नुसत्या गोंधळापासून वेगळा काढता येईना. त्याआधी २००९ मध्ये मिट्कोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की पर्यावरण व्हेरिएबलांचा एकूण आकार किंवा ऑब्जेक्ट फाईली जोडण्याचा क्रम बदलला तरी वेळ बदलते. म्हणजे तुमच्या खात्याचं नाव लांबलचक असेल तरी -ओ३ 'जिंकू' शकतो.

सेगफॉल्ट_सातारकर

माझं खात्याचं नाव बघता मी -ओ९ वर असणार.

कोकणी_कर्नल

अवांतर: वेगाच्या नावाने रडणाऱ्यांनी फ्रेम पॉइंटरचं (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याचा माग ठेवणारा) प्रकरण आठवावं. फेडोराने सगळी पॅकेजं फ्रेम पॉइंटर ठेवून बांधायचा प्रस्ताव आधी फेटाळला, मग २०२३ च्या जानेवारीत मंजूर केला, आणि फेडोरा ३८ पासून ते आलं. जीसीसी तसं बांधलं तर कर्नल कंपाईल करायला २.४ टक्के जास्त वेळ लागतो, असं प्रस्तावातच लिहिलं होतं. पायथनला फटका जास्त, म्हणून त्याला सुरुवातीला वगळलं. उबंटूने २४.०४ मध्ये तेच केलं. म्हणजे दोन मोठ्या वितरणांनी मुद्दाम थोडा वेग सोडला, कारण मग कोणालाही पर्फ लावून वेळ कुठे जातोय ते नीट बघता येतं.

गेंटूचा_गडी

त्या दोन-अडीच टक्क्यांत माझी वीज जळते त्याचं काय?

जुना_खांब

गडी, तू आठवड्यातून एकदा ब्राउझर कंपाईल करतोस. विजेचं तू बोलू नकोस.

मेकफाईलवाला

चर्चेबद्दल सगळ्यांचे आभार. पॅचपुराण यांनी सांगितल्याप्रमाणे पॅच केला, एमआर्च आणि फास्ट-मॅथ काढले. कोरी पानं कोरी राहू लागली.

मग पर्फ लावला. -ओ२ आणि -ओ३ मध्ये मला तरी फरक दिसला नाही, दर वेळी कोणीतरी वेगळाच पुढे. बराचसा वेळ टिफ फाईल उघडण्या-लिहिण्यात जातोय, ते काम लिबटिफचं, माझ्या फ्लॅगचा तिथे संबंधच नाही. उरलेला एका मीडियन फिल्टरमध्ये (चित्रातले बारीक ठिपके घालवणारं फंक्शन). तेवढ्या एका फंक्शनला मात्र एव्हीएक्स२ ने खरंच फरक पडतो. म्हणजे लेखक अगदीच खोटं बोलत नव्हता. पण नवी मशीन थोडी, जुनी बरीच. दोन पॅकेजं करू का?

निशिगंधा_प

नको, नको! दोन पॅकेजं म्हणजे चुकीचं पॅकेज चुकीच्या मशीनवर जाणार, हमखास. तुम्ही टेसरॅक्ट वापरताच, त्याचंच बघा. त्यातला गुणाकार-बेरजेचा गाभा एसएसई, एव्हीएक्स, एव्हीएक्स२ अशा वेगवेगळ्या फाईलींत आहे. प्रत्येक फाईल आपापल्या फ्लॅगने कंपाईल होते आणि चालू होताना प्रोसेसर बघून योग्य ती निवडली जाते. टेसरॅक्टला आवृत्ती विचारा, तो 'फाउंड एव्हीएक्स२' असं छापतो.

तुमच्या एका फंक्शनसाठी एवढंही नको. त्याच्या डोक्यावर जीसीसीचं 'टार्गेट-क्लोन्स' हे विशेषण लावा, आत 'एव्हीएक्स२' आणि 'डिफॉल्ट' लिहा. कंपायलर त्याच्या दोन प्रती करतो आणि लोड होताना ठरतं कोणती चालवायची. बाकी सगळा प्रोग्रॅम पहिल्या पायरीवर राहतो.

कोकणी_कर्नल

फक्त लक्षात ठेवा, हे आयफंकवर (लोड होताना फंक्शन निवडायची सोय) चालतं आणि ते जीलिबसीत आहे. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीत नाही. उद्या कोणी मसल वापरणाऱ्या अल्पाईन लिनक्सवर बांधायला घेतलं तर अडेल, म्हणून अटीत गुंडाळा. नाहीतर नंतर 'बग आणू नका' म्हणायची पाळी तुमची.

मेकफाईलवाला

हे झकास आहे. लेखकाला दोन्ही पॅच पाठवले, ?= वाला आणि टार्गेट-क्लोन्सचा. पहिल्याबरोबर एका कोऱ्या पानाची टिफ जोडली.

जुना_खांब

काय म्हणाला?

मेकफाईलवाला

टिफचा आकार फार मोठा आहे म्हणाला. पॅच घेतला.

वाचनमात्र_वैभव

उशिरा आलो. रच्याकने, याच प्रकारातला एक प्रश्न. जुनं पॅकेज जीसीसी १४ वर बांधायला घेतलं तर 'इम्प्लिसिट फंक्शन डिक्लेरेशन' (घोषणा न करता वापरलेलं फंक्शन) ही एरर येते, १३ वर नुसता इशारा होता. सीफ्लॅग्जमध्ये तो इशाराच ठेव असं सांगितलं की बांधलं जातंय. ठेवू का तसं?

पॅचपुराण

नको. घोषणा नसली की सी कंपायलर परतीचं मूल्य इंट धरतो. ते फंक्शन पॉइंटर देत असेल तर ६४-बिट मशीनवर वरचे ३२ बिट कापले जातात. कोणतं फंक्शन म्हणतोय?

वाचनमात्र_वैभव

एसटीआरडीयूपी, स्ट्रिंगची प्रत काढणारं.

पॅचपुराण

म्हणजे पॉइंटरच देतं. आधी स्ट्रिंग.एच जोडलंय का बघा. जोडलं असेल तर -एसटीडी=सी९९ दिलंय का बघा. तसं असेल तर जीएनयू९९ करा, काटेकोर सी९९ मध्ये ते फंक्शन झाकलेलं असतं.

वाचनमात्र_वैभव

सी९९ च होतं. झालं, धन्स.